सहीसलामत

गेल्या तीन वर्षांत आमच्या घरी जेवढं टपाल आलं, त्यातल्या बहुतेक लिफाफ्यांवर पत्ता माझ्याच अक्षरात होता. पहिली चार पत्रं पोस्टमनभाऊंनी मुकाट्याने दिली. पाचव्याला मात्र त्यांनी सायकल स्टँडवर लावली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि लिफाफा माझ्या हातात न देता स्वतःच उलटसुलट करून पाहिला.

“साहेब, एक विचारू का जी? राग नका मानू.”

“विचारा ना.”

“तुम्ही स्वतःच स्वतःले पत्र पाठवून राह्यले का?”

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मी निवृत्त क्रिकेटपटूंना पत्र लिहितो, आत एक कोरं कार्ड घालतो आणि माझाच पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला दुसरा लिफाफाही घालतो. त्यांनी फक्त कार्डावर सही करायची, लिफाफ्यात टाकायचं आणि पेटीत सोडायचं.

“म्हणजे जायचा खर्च तुमचा, यायचा खर्च बी तुमचाच?”

“हो.”

“अन् त्यायचं काय?”

“सही.”

पोस्टमनभाऊंनी लिफाफा माझ्या हातात ठेवला. सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाले, “सही तर मी बी करून देतो जी. रोज दारावरूनच जातो.”

आठवडाभरात नागपूरच्या सदरभर झालं की रेसिडेन्सी रोडच्या मागच्या गल्लीतल्या साहेबांना कोणी पत्र लिहीत नाही, म्हणून बिचारे स्वतःच स्वतःला लिहितात. मंगळवारी बाजारातल्या कोथिंबीरवाल्या मावशींनी न मागता चार मिरच्या पिशवीत जास्त टाकल्या. “घ्या बाप्पा, खाऊन राहा,” म्हणाल्या. आजारी माणसाशी बोलतात तसा आवाज होता.

या व्यसनाचं मूळ न्यू जर्सीत आहे. माझा भाचा तिथे असतो. मागे एका दिवाळीला तो सहकुटुंब आला, तेव्हा त्याच्या अकरा वर्षांच्या पोराने सुटकेसमधून एक जाडजूड वही काढली. पानोपानी प्लॅस्टिकच्या कप्प्यांत बेसबॉल खेळाडूंची कार्डं आणि प्रत्येक कार्डावर सही. सगळे निवृत्त, कोणी साठीचा, कोणी नव्वदीचा. पोरगं त्यांना पत्र लिहितं आणि ते म्हातारे इमानेइतबारे सही करून पाठवतात. कोणाचं उत्तर दहा दिवसांत येतं, कोणाचं दहा महिन्यांनी.

बेसबॉल मला अजून कळलेला नाही. विटीदांडू शिकायला परदेशी गेला आणि तिकडेच स्थायिक झाला, एवढीच माझी समजूत आहे. पण पोराच्या गोष्टी रंगतदार होत्या. बॉब फेलर नावाच्या पिचरने, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाजाने, जन्मभर इतक्या सह्या वाटल्या की त्याची सही नसलेला चेंडूच दुर्मीळ, असं तिकडे गमतीने म्हणतात. दुसरे हार्मन किलब्रू, ५७३ होमरन मारणारे. ते टोरी हंटरसारख्या तरुण खेळाडूंना बजावायचे की सही अशी करा, वाचता आली पाहिजे. हे ऐकून मला आमच्या कचेरीतले सगळे साहेब एकदम आठवले. किलब्रू आमच्याकडे अधीक्षक असते, तर निम्म्या फायली कोणी मंजूर केल्या ते आज कळलं असतं.

रात्री मी हिला म्हणालो, “पाहिलंस? ते पोरगं बेसबॉलवाल्यांच्या सह्या जमवतं. मी तर कसोटी झालेल्या मैदानाच्या सावलीत वाढलो.”

“आपल्या घरावर पाण्याच्या टाकीची सावली पडते,” ही म्हणाली आणि दिवा मालवला.

तिला माझं जुनं दुखणं माहीत आहे, म्हणून ती असं बोलते. सिव्हिल लाइन्समधलं विदर्भ क्रिकेट संघटनेचं, म्हणजे व्हीसीएचं मैदान आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. जामठ्याचं नवीन स्टेडियम २००८ साली कसोटीला मिळालं आणि क्रिकेट वर्धा रोडला निघून गेलं. त्याआधी जे काही व्हायचं ते इथेच. १९६९ साली इथे पहिली कसोटी झाली आणि न्यूझीलंडने ती १६७ धावांनी जिंकली. तेव्हा मी जन्मलो नव्हतो, त्यामुळे त्या पराभवाचं दुःख मला नाही. माझं दुःख ३१ ऑक्टोबर १९८७ चं आहे.

विश्वचषक, भारत विरुद्ध न्यूझीलंड. तारीखही अशी की भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू १८९५ साली याच तारखेला याच नागपुरात जन्मले. मी तेव्हा आठवीत. मामाने कुठून तरी दोन तिकिटं पैदा केली होती. आईने डब्यात पुऱ्या दिल्या, गळ्यात पाण्याची बाटली अडकवली आणि दम भरला की ऊन फार आहे, घोटघोट पाणी पीत राहायचं. मी आज्ञाधारक मुलगा. न्यूझीलंडच्या डावाचं बेचाळिसावं षटक सुरू झालं, तेव्हा माझा आज्ञाधारकपणा सहनशक्तीच्या पलीकडे गेला होता. मी उठलो आणि स्टँडमागच्या मुतारीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

माझ्यापुढे अकरा जण होते. म्हणजे एक अख्खा संघ.

एवढ्यात आतून गर्जना झाली. “कोण गेला बे, कोण गेला?” करत पुढचे तिघे पँट सावरत पळाले. क्षणभराने दुसरी गर्जना. आणखी पाच पळाले. तिसऱ्या गर्जनेला माझ्या पायाखालची फरशी हलली, उरलेले तिघेही गेले आणि रांगेत मी एकटा उरलो. चेतन शर्माने लागोपाठच्या तीन चेंडूंवर केन रुदरफोर्ड, इयान स्मिथ आणि इवन चॅटफिल्ड या तिघांना त्रिफळाचित केलं होतं. विश्वचषकाच्या इतिहासातली ती पहिली हॅट्ट्रिक. तिचा प्रत्यक्ष लाभ झालेला त्या मैदानावरचा मी एकमेव प्रेक्षक असेन: माझा नंबर ताबडतोब लागला.

नंतर अंगात ताप असताना गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. १०७ व्या सामन्यात आलेलं त्यांचं एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं आणि शेवटचं शतक. ते मी पहिल्या धावेपासून शेवटच्या धावेपर्यंत पाहिलं. पण उपयोग नाही. मी शतक पाहिलं म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, “अन् हॅट्ट्रिक?” त्या मैदानात फार तर चाळीस हजार माणसं मावायची. सदर, सिव्हिल लाइन्स आणि धरमपेठ मिळून ती हॅट्ट्रिक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले दोन लाख लोक मला आजवर भेटले आहेत. मी सगळ्यांना सांगतो, “मीही होतो तिथे.” हे खोटं नाही. ‘तिथे’ या शब्दात बरंच काही मावतं.

त्या संध्याकाळी निदान एक तरी सही मिळवायचीच म्हणून मी वही घेऊन फाटकाशी उभा राहिलो. सोनेरी गुंड्यांचा ब्लेझर घातलेले एक गृहस्थ बाहेर आले. मी वही पुढे केली. त्यांनी जराही आढेवेढे न घेता झोकदार सही ठोकली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. चार महिने मी ती सही वर्गात दाखवत होतो. पाचव्या महिन्यात मामाचं लग्न झालं. वरातीत तेच गृहस्थ, तोच ब्लेझर घालून, क्लॅरिनेट वाजवत होते.

असा हा अनुशेष होता. विदर्भातल्या माणसाला अनुशेष म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. न्यू जर्सीच्या पोराने तो भरून काढायचा मार्ग दाखवला आणि मी कामाला लागलो.

पहिला प्रश्न पत्राच्या मायन्याचा. पंचवीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाने कितीही प्रेमाने पत्र लिहिलं, तरी ते ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ यांच्याशिवाय सुरू होत नाही. माझं पहिलं पत्र असं गेलं: “विषय: स्वाक्षरी मिळणेबाबत. संदर्भ: आपली दुसऱ्या डावातील खेळी. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, सोबत जोडलेल्या कार्डावर आपली स्वाक्षरी करून ते उलट टपाली पाठविण्याची तजवीज व्हावी.” हे गृहस्थ खेळून झाल्यावर बँकेत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. त्यांनी कार्ड कोरंच ठेवलं, माझ्याच पत्राच्या समासात ‘पाहिले’ असा शेरा मारला, खाली दोन अक्षरांची आद्याक्षरी आणि तारीख टाकली आणि पत्र परत पाठवलं. माझ्या वहीचं पहिलं पान ते. त्यावर पुढील कार्यवाही काय करावी, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसरा प्रश्न कार्डाचा. अमेरिकेत खेळाडूंची छापील कार्डं मिळतात. आपल्या लहानपणी बबलगमबरोबर मिळायची, पण ती आता कोणाकडे आहेत? मी शक्कल लढवली. घरात लग्नपत्रिकांचा ढीग होता, जाड, गुळगुळीत, मागची बाजू कोरी. त्या मापाने कापल्या आणि पाठवल्या. दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या नाहीत. एक, साध्या पत्राचं पाच रुपयांचं तिकीट वीस ग्रॅमपर्यंतच चालतं आणि एकेका पत्रिकेत निम्मं वजन गणपतीच्या सोनेरी चित्राचं असतं. माझी पत्रं नॉटपेड ठरली. आयुष्यात कधी कोणाकडे दहा रुपये न मागितलेल्या माणसांना, चाहत्याचं पत्र सोडवून घ्यायला पोस्टमनला दहा रुपये मोजावे लागले. एकाने पोस्टकार्ड पाठवलं: “आपण माझे दहा रुपये देणे लागता.” खाली मात्र सुरेख, टपोरी सही. ती मी फ्रेम करून घेतली. फ्रेम दोनशे ऐंशीला पडली.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. कात्री थोडी चुकली होती. एका वयोवृद्ध फलंदाजाकडे गेलेल्या तुकड्यावर ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे’ ही ओळ शाबूत राहिली होती. पंधरा दिवसांनी पोस्टमनभाऊ आले, खिशातून एक छापील फॉर्म काढला आणि मला एक्कावन्न रुपये मोजून दिले. ई-मनिऑर्डर होती. ‘वधूवरांस शुभाशीर्वाद.’ ती कॉम्प्युटरने छापून आलेली, त्यामुळे पाठवणाऱ्याची सही तिच्यावर कुठेच नव्हती. उलट पोस्टमनभाऊ म्हणाले, “इथं सही करा साहेब.” एका कसोटी खेळाडूने एक्कावन्न रुपये खर्चून माझी सही नेली.

१९६४ सालच्या मद्रास कसोटीत बापू नाडकर्णींनी सलग एकवीस षटकं निर्धाव टाकली होती. त्यानंतरची माझी एकवीस पत्रं तशीच गेली. त्यातली काही निर्धाव जाण्याचं कारण मला मे महिन्यात कळलं. मी परतीच्या लिफाफ्यांवर पत्ते लिहून, तिकिटं लावून गठ्ठा कूलरपाशी ठेवायचो. नागपूरचा उन्हाळा आणि कूलरची ओल यांच्या संगनमताने डिंक फुटायचा आणि लिफाफे रिकाम्या पोटीच चिकटून बंद व्हायचे. म्हणजे समोरच्याला उघडायचे तर फाडावे लागत आणि फाडले तर पाठवायचे कशात? आमचं एक कार्ड तर्रीपोह्यांच्या बशीखालीही गेलं होतं. त्यावर सही आली, पण शाई तर्रीच्या डागाला वळसा घालून गेलेली. नदीच्या पात्रासारखी दिसते.

असेच एकदा कचेरीत बसलो असताना मला साक्षात्कार झाला. रजिस्टर पोस्ट! पाच रुपये पत्राचे, सतरा नोंदणीचे, तीन पोचपावतीचे. पंचवीस रुपयांत घेणाऱ्याला पोचपावतीच्या कार्डावर सही करावीच लागते. नाही केली तर पाकीट मिळत नाही. विनवण्या नकोत, परतीचा लिफाफा नको, सरकारच सही आणून देणार. कोलंबसाला अमेरिका दिसली तेव्हा त्याला झाला नसेल इतका आनंद मला झाला. (त्यालाही भलतंच काहीतरी सापडलं होतं, हे नंतर आठवलं.) मी एकदम नऊ पाकिटं सोडली.

नऊच्या नऊ पोचपावत्या आल्या. मी हिला हाक मारली. ही ओट्यावरचं काम टाकून, पदराला हात पुसत आली. मी वही उघडली.

“हे कोण?”

“हे... एका सलामीच्या फलंदाजाच्या सोसायटीचे वॉचमन.”

“आणि हे?”

“तेही वॉचमनच. पण यष्टिरक्षकाचे.”

एकूण हिशेब असा: चार वॉचमन, दोन सुना, एक स्वयंपाकाच्या बाई, एका गृहनिर्माण संस्थेचा गोल शिक्का आणि एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या घरून आलेला डाव्या अंगठ्याचा ठसा. तो मात्र त्यांचाच असणार, अशी मी मनाची समजूत घातली आहे. ते बोट चेंडूवर फिरलेलं आहे, हे ठशाच्या रेषांवरून दिसतं, असं मी पाहुण्यांना सांगतो.

दुसरी फेरी सोडायच्या आत, २०२५ साली, रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. त्याच वर्षी ओटीपी सांगून टपाल घेण्याची सोयही आली. म्हणजे यापुढे वॉचमनची सहीसुद्धा नशिबात नाही. नातवंडं आजोबांच्या वहीत ओटीपी चिकटवतील.

तोवर ज्या खऱ्या सह्या आल्या होत्या, त्यांचा वेगळाच घोळ होता. मी दिवाळीत चौदा जणांना सारखीच कार्डं, सारखेच लिफाफे पाठवले. त्यातली तीन परत आली. तिन्हींवर सही होती, पण कोणाची ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. एक उदबत्तीच्या धुरासारखी, एक ईसीजीसारखी आणि एक नुसती आडवी रेघ, शेवटी टिंब. आमच्या शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेत. तीस वर्षं चेकवरच्या सह्या पडताळण्यात गेली. मी त्यांच्याकडे कार्डं नेली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, भिंग लावलं, मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

“नमुना सही आहे का?”

“ती असती तर ही कशाला मागवली असती, काका?”

“मग नाही सांगता येत. चेक असता तर मी परत केला असता.” आणि थोडं थांबून, “तिन्ही परत केले असते.”

ईसीजीवाल्या सहीबद्दल एवढं मात्र म्हणाले की हा माणूस घाईत होता किंवा स्कूटरवर होता. तरी मी ती वहीत लावली आहे. खाली पेन्सिलने तीन नावं लिहून ठेवली आहेत आणि सणवाराप्रमाणे त्यातलं एकेक खरं मानतो.

या सगळ्यात एक पत्र मी विदर्भाकडून पूर्वी रणजी खेळलेल्या एका मध्यमगती गोलंदाजांना लिहिलं होतं. पत्ता एका जुन्या स्मरणिकेतून उतरवलेला. चौथ्या दिवशी पोस्टमनभाऊ तेच पत्र हातात नाचवत माझ्याच दारात.

“साहेब, हे तर तुमच्या मागच्याच गल्लीत राहून राह्यले ना जी! भिंतीला भिंत. पाच रुपये कायले वाया घालवले?”

एकोणीस वर्षं मी त्या घरासमोरून भाजी आणायला जात होतो. व्हरांड्यात बनियनवर बसलेले, पेपर वाचणारे, क्वचित मान हलवणारे आजोबा. मी त्याच संध्याकाळी वही घेऊन गेलो. त्यांनी मला बसवलं, आतून चहा मागवला आणि दीड तास सोडलं नाही. ते खेळायचे त्या काळच्या राजस्थानच्या संघात सलीम दुराणी, हनुमंत सिंग, विजय मांजरेकर अशी मंडळी होती. अशा फलंदाजीपुढे विदर्भाच्या गोलंदाजाचं काम काय, तर चेंडू टाकायचा आणि आणायला कोण जातो ते पाहायचं. हे त्यांचेच शब्द. विदर्भ २०१७-१८ ला रणजी जिंकला, लगेच पुढच्या वर्षी पुन्हा, मग २०२४-२५ ला. पण त्यांचे डोळे चमकत होते ते एका हुकलेल्या झेलाच्या आठवणीने. तो झेल त्यांच्या गोलंदाजीवर कोणी सोडला, ते तीनदा सांगितलं. सोडणाऱ्याला वारून वीस वर्षं झाली आहेत, पण त्याला माफी नाही.

चहा संपता संपता त्यांनी विचारलं, “सत्त्याऐंशीची हॅट्ट्रिक पाहिली का तुम्ही?”

मी तोंड उघडलं. ‘तिथेच होतो’ हे वाक्य जिभेवर तयारच असतं. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी खरं सांगून टाकलं. बाटली, रांग, अकरा जण, सगळं.

आजोबा खुर्चीत पुढे सरकले. दाराकडे एकदा पाहून घेतलं. “कोणाले सांगू नका. मी बी नाही पाहिली.”

“पण तुम्ही तर आत, पॅव्हेलियनमध्ये असाल ना?”

“होतो ना! पहिल्या रांगेतलं तिकीट. नेमका त्याच वक्ती एक पुढारी समोर उभा राहून कोणाले तरी हात हलवून राह्यला होता. तिन्ही बॉल त्याच्या पाठीवर पाहिले मी.”

अडतीस वर्षांत मला भेटलेला हा पहिला माणूस. आम्ही आणखी एकेक कप चहा घेतला.

मी वही पुढे केली. त्यांनी पेन हातात घेतलं आणि म्हणाले, “थांबा, आधी तुमची.” उशीखालून एक फुलस्केप कागद काढला. गल्लीच्या कोपऱ्यावरचा दिवा सहा महिने बंद होता. तो सुरू करावा म्हणून त्यांनी घरोघर फिरून अर्जावर सह्या गोळा केल्या होत्या. मी मोजल्या. त्रेचाळीस. सगळ्या वाचता येणाऱ्या, नावानिशी, घर नंबरानिशी, एकही वॉचमन नाही. माझ्या वहीत तीन वर्षांत धड अकराही झाल्या नव्हत्या. मी निमूटपणे चव्वेचाळिसावी केली.

आता राहता राहिला न्यूझीलंड. माझी मूळ इच्छा तीच होती: चेतन शर्माने आमच्या गावात ज्यांच्या दांड्या उडवल्या, त्या तिघांच्या सह्या एका कार्डावर. तिघे पुढे तीन वाटांनी गेले. रुदरफोर्ड कर्णधार झाले, स्मिथ समालोचक, चॅटफिल्ड यांनी वेलिंग्टनमध्ये टॅक्सी चालवली. मी इंग्रजीत मसुदा केला. रुदरफोर्ड यांना सोपं गेलं. त्यांच्या २६ धावा तरी होत्या. पण आल्या चेंडूवर परत गेलेल्या दोघांना काय लिहावं? “आपण आमच्या गावी शून्यावर बाद झालात, त्याबद्दल समस्त नागपूरकर आपले ऋणी आहेत,” हे खरं असलं तरी टपालाने पाठवण्यासारखं नाही.

“ज्याची दांडी उडाली त्याचीच सही कशाला?” ही म्हणाली. “ज्याने उडवली त्याची मागा की.”

“अगं, उडवणाऱ्याची कोणीही मागेल.”

मी परतीचा लिफाफा तयार केला, वर पाच रुपयांची चार तिकिटं लावली आणि फोनवर भाच्याला अभिमानाने सांगितलं. तिकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, “मामा, ते परतीचं पत्र न्यूझीलंडमध्ये पेटीत पडणार ना? तिथे आपलं तिकीट कसं चालेल?”

“का? गांधीजींना जगात कोण ओळखत नाही?”

त्याने सांगितलं की यासाठी आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन नावाची चीज असते. १९०६ साली रोमच्या टपाल परिषदेत ठरली. एका देशात विकत घ्यायची, दुसऱ्या देशात दाखवून तिकीट घ्यायचं. हेच कूपन स्वस्त देशात घेऊन महाग देशात वटवतो असं सांगून चार्ल्स पाँझीने १९२० साली बॉस्टनकरांना कोट्यवधींना बुडवलं. म्हणजे भानगडीची वस्तू. नक्की मिळणार, असं मला वाटलं. मी एका खिडकीवर गेलो, कुठल्या ते सांगत नाही. रांगेत माझ्यापुढे अकरा जण होते की नव्हते, ते मुद्दाम मोजलं नाही.

“कूपन? रेशनचं का?” खिडकीने विचारलं.

मी पाँझीपासून सगळं सांगितलं. खिडकीने ऐकून घेतलं आणि मागे वळून आवाज दिला, “सर, इथं एक साहेब बुडवाबुडवीची काही स्कीम सांगून राह्यले.”

न्यूझीलंडचा लिफाफा सध्या विम्याच्या पावत्यांच्या खणात आहे.

पण आजोबांकडून आल्यापासून माझ्या डोक्यात दुसरंच घोळतं आहे. तर वाचकहो, ३१ ऑक्टोबर १९८७ च्या दुपारी व्हीसीएच्या मैदानावर, स्टँडमागच्या मुतारीच्या रांगेत, गळ्यात बाटली अडकवलेल्या आठवीतल्या एका मुलाच्या पुढे जे अकरा जण उभे होते, त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर त्याने कृपया या मासिकाच्या पत्त्यावर कळवावं. कार्ड मी पाठवीन, लग्नपत्रिकेचं नसेल. परतीचा लिफाफाही पाठवीन, तिकीट लावून, कूलरपासून लांब ठेवलेला. सही वाचता येईल अशी करावी आणि खाली लिहावं की हा मुलगा तिथे होता. दुसऱ्या गर्जनेला जे पाच जण पळाले, त्यातल्या एकाची टोपी माझ्या पायाशी पडली होती. निळी आहे, आत नाव नाही. तीही त्याच खणात आहे.